हाक कुणी मारावी, मजकूर कुणी वाचावा



कार्यक्रम सुरू होताना निवेदकांनी फोन सायलेंटवर टाकायची विनंती केली आणि बहुतेकांनी ती ऐकली. तरीही पुढच्या तासाभरात या सभागृहातल्या जवळजवळ प्रत्येक फोनवर काही ना काही येत राहणार आहे: बँकेचा संदेश, सोसायटीच्या फाटकावरची विचारणा, भाचीच्या बारशाचं आमंत्रण आणि कुठल्याशा कंपनीला आलेला आपला कळवळा. आवाज होणार नाही, पण पडदा उजळेल आणि शेजारच्या खुर्चीतली नजर क्षणभर तिकडे वळेल. फोन गप्प केला म्हणजे तो आपल्याबद्दल बोलायचा थांबत नाही. आज मला बोलायचं आहे ते यावर.

नोटिफिकेशन ही एकच वस्तू आहे असं आपण धरून चालतो. तिच्यात दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात: एक हाक आणि एक मजकूर. हाक माझं लक्ष मागते, मजकूर माझी माहिती उघड करतो. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. या दोहोंचा ताबा वेगवेगळा असायला हवा. दोन्ही ताबे फोन वापरणाऱ्याच्या हातात हवेत. आणि त्याने काहीच ठरवलं नसेल, तर फोनने त्याच्या बाजूने गप्प राहायला हवं. आज बहुतेक वेळा उलट घडतं. वापरणारा काही ठरवत नाही, तोवर ठरवणारे दुसरेच असतात.

रात्रीची थाप

हा विषय वरवर किरकोळ वाटतो. पण त्याचं एक टोक सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींपर्यंत जातं, आणि तो रस्ता याच बंगळूर शहरातून गेला आहे.

सुरुवात उत्तर प्रदेशातून करू. खडक सिंग नावाच्या माणसावर १९४१ मध्ये दरोड्याचा आरोप झाला. पुरावा नसल्याने तो सुटला, पण पोलिसांनी त्याच्या नावाची नोंदवही उघडली आणि त्याच्यावर पाळत सुरू झाली. रात्री-अपरात्री शिपाई येत, दार ठोठावत, हाका मारून त्याला झोपेतून उठवत. त्याने दाद मागितली. १८ डिसेंबर १९६२ रोजी सहा न्यायमूर्तींच्या पीठाचा निकाल आला. बहुमताने सांगितलं की रात्रीच्या या फेऱ्या घटनाबाह्य आहेत, कारण त्या माणसाच्या व्यक्तिस्वातंत्र्यावर घाला घालतात. मात्र खासगीपणाचा हक्क म्हणून वेगळं काही घटनेत नाही, त्यामुळे त्याच्या हालचालींवरची बाकीची पाळत चालू राहू शकते. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी अल्पमतात सांगितलं की पाळतीची ती सगळी व्यवस्थाच घटनाबाह्य आहे.

बहुमताला दारावरची थाप ऐकू आली, पण थाप मारणारा काय टिपून घेतोय हे त्यांनी सोडून दिलं. झोपमोड चूक ठरली आणि नजर चालून गेली.

ही विसंगती दुरुस्त व्हायला ५४ वर्षं लागली. कर्नाटक उच्च न्यायालयातून निवृत्त झालेले न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी बंगळुरात राहत. आधार योजनेविरुद्ध त्यांनी २०१२ मध्ये याचिका केली, तेव्हा त्यांचं वय ८६ होतं. सुनावणीत केंद्र सरकारने १९५४ चा एम. पी. शर्मा खटला आणि हाच खडक सिंग खटला पुढे केला आणि म्हटलं, खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही. त्यावर नऊ न्यायमूर्तींचं पीठ बसलं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी त्यांनी एकमताने सांगितलं की आहे, आणि तो जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कातच सामावलेला आहे. त्या पीठावर नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते. खासगीपणा ही पाश्चात्त्यांची आयात नव्हे हे दाखवताना त्यांनी अर्थशास्त्राचा दाखला दिला: मालकाच्या संमतीवाचून दुसऱ्याच्या घरात शिरायला कौटिल्याने मनाई केली आहे. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्राने आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद नाकारणारा १९७६ चा जबलपूर निकाल फेटाळला. त्या निकालात त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड बहुमतात होते. पुट्टस्वामी २०२४ मध्ये ९८ व्या वर्षी गेले.

कायदा २०१७ मध्ये पोहोचला, पण फोनच्या सेटिंग्जमध्ये आपण अजून १९६२ मध्येच आहोत. आवाज बंद केला की प्रश्न मिटला, असं समजतो. लक्ष आणि खासगीपणा हे दोन निरनिराळे विषय मानून पहिल्याची तक्रार मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतो आणि दुसऱ्याची वकिलाकडे. खडक सिंगच्या दारावर मात्र दोन्ही एकाच हाताने ठोठावलं जात होतं.

संदेशाचा रस्ता

आता यंत्रणा पाहू, कारण ती न कळता ताबा मागता येत नाही. फोनमधली शंभर अॅप्स आपापल्या कंपनीशी सतत जोडलेली राहिली तर बॅटरी दुपारीच संपेल. म्हणून फोन एकच कायमची जोडणी उघडी ठेवतो. आयफोनची ॲपलशी, अँड्रॉइडची गूगलशी. ॲपलने ही सेवा २००९ मध्ये सुरू केली, गूगलने २०१० मध्ये. प्रत्येक अॅपला तुमच्या फोनसाठी एक सांकेतिक क्रमांक मिळतो. कंपनी संदेश आणि तो क्रमांक ॲपलच्या किंवा गूगलच्या हवाली करते आणि ते तो तुमच्यापर्यंत आणतात.

म्हणजे तुमची बँक, तुमचा डॉक्टर, तुमचं विवाहजुळणीचं अॅप, सगळ्यांची टपाल दोनच घरांतून फिरते. संदेशातला मजकूर कंपनीने कुलूपबंद केला असला, तरी कोणत्या अॅपने कोणत्या फोनला किती वाजता हाक मारली ही नोंद मागे राहते. अमेरिकेचे सिनेटर रॉन वायडन यांनी डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर पत्र लिहून सांगितलं की सरकारं ॲपल आणि गूगलकडून अशा नोंदी मागत आहेत. त्यानंतर ॲपलने अशा माहितीसाठी न्यायाधीशाचा आदेश आवश्यक केला. सिग्नलसारखी अॅप्स वेगळा मार्ग धरतात. ॲपल-गूगलच्या वाटेने जाते ती फक्त रिकामी हाक, 'तुझ्यासाठी काही आहे' एवढीच. मजकूर फोन स्वतः नंतर आणतो आणि फोनवरच उघडतो. हाक आणि मजकूर वेगळे करता येतात याचा हा चालता पुरावा आहे. तंत्र उपलब्ध आहे, ते वापरायचं की नाही हा मर्जीचा भाग आहे.

कुलूप लावलेला पडदा

जुन्या काळी ही वाटणी कागदच करत असे. १८७९ पासून चालत आलेलं पोस्टकार्ड हाक मारत नसे, पण त्याचा मजकूर पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांचा असे. बंद लिफाफ्याला हळद-कुंकू लावलेलं असलं की आत शुभकार्य आहे एवढं कळे. कुणाचं, कुठे, कधी, हे घरचा माणूस फोडील तेव्हा. २०१३ च्या जुलैत बंद झालेली तार मात्र दारात येताच अख्ख्या आळीला गोळा करी, आणि मजकूर तारमास्तरला आपल्या आधी ठाऊक असे. आजचा फोन कुठल्याही खास विचाराशिवाय तारेच्या जातीचा झाला आहे.

कुलूपबंद पडद्यावर काय दिसावं हे ठरवायची सोय अँड्रॉइडमध्ये २०१४ पासून आहे. सगळं दाखवा, संवेदनशील मजकूर झाका, किंवा काहीच दाखवू नका. आयफोनने २०१७ च्या मॉडेलपासून चेहरा ओळखल्याशिवाय मजकूर न उघडण्याची रीत घातली. पण अनेक अँड्रॉइड फोन अजूनही मजकूर दाखवण्याच्या बाजूनेच लावलेले हाती येतात, आणि आपण ते तसेच वापरतो.

यात धोका कुठे आहे? बँकेचा ओटीपी कुलूपबंद पडद्यावर उजळतो. मॅजेस्टिकच्या बसस्थानकावर चोरीला गेलेल्या फोनवरचा तो ओटीपी पाहायला चोराला तुमचा पिन लागत नाही. कार्डाचा तपशील त्याच्याकडे असेल तर ओटीपी फोनच वाचून दाखवतो. दुसरा धोका याहून लपलेला आहे. 'नोटिफिकेशन ॲक्सेस' नावाची एक परवानगी असते. ती मनगटी घड्याळाच्या अॅपला लागते, कारण त्याला तुमचे संदेश घड्याळावर दाखवायचे असतात. ती मिळालेलं अॅप तुमच्या फोनवर येणारं प्रत्येक नोटिफिकेशन वाचू शकतं. लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या एपीके फाइल्स लोकांच्या खात्यांवर हात मारतात, त्या एसएमएस आणि नोटिफिकेशन वाचण्याच्या अशाच परवानग्यांच्या जोरावर. २०२४ च्या अँड्रॉइड १५ मध्ये गूगलने ओटीपी असलेली नोटिफिकेशन अशा बाहेरच्या अॅप्सपासून आणि पडदा दुसऱ्याला दाखवताना झाकून ठेवायला सुरुवात केली. जुन्या फोनना ही ढाल नाही.

धोका चोराचाच असतो असंही नाही. घरात एकच फोन चार हातांत फिरतो. स्त्रीरोगतज्ज्ञाच्या भेटीची आठवण, नोकरीसाठी दिलेल्या मुलाखतीचं उत्तर, कर्जाचा थकलेला हप्ता हे सासू, दीर किंवा मुलगा यांच्यासमोर पडद्यावर येतं. तिथे पोलीस लागत नाही, न्यायालयही पोहोचत नाही. पोहोचू शकते ती फक्त एक सेटिंग.

मग सगळंच बंद करावं का? बँकेच्या बाबतीत तो सल्ला महागात पडेल. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार त्रयस्थाच्या फसवणुकीने पैसे गेले आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवस झाले तर ठरावीक मर्यादेपर्यंत तुमची. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. घड्याळ सुरू होतं ते संदेश आल्यापासून. म्हणून इथे हाक चालू हवी आणि मजकूर झाकलेला हवा. एकाच बटणाने दोन्ही बंद करणारा फोन आपल्याला या निवडीपासून वंचित ठेवतो.

हाका मारण्याचा कारखाना

या हाका येतात कुठून? मोठा वाटा याच शहरातून. फ्लिपकार्ट, स्विगी, फोनपे ही बंगळूरची घरं आहेतच. पण त्यांच्यासारख्या कंपन्यांना हाका मारायची अवजारं पुरवणारा एक स्वतंत्र धंदा आहे. मोएंगेज २०१४ मध्ये इथेच सुरू झाली. क्लेव्हरटॅप आणि वेबएंगेज मुंबईच्या. या अवजारांनी ग्राहकांचे गट पाडता येतात. कुणी टोपलीत वस्तू टाकून ती न घेताच निघून गेला, कुणी आठवडाभर अॅप उघडलं नाही, कुणी रात्री अकरानंतर खातो. एकाच संदेशाची दोन रूपं दोन गटांना पाठवून कुठलं जास्त उघडलं गेलं हे पाहता येतं. हे काम करणारी मुलं-मुली आपल्यातलीच आहेत, आज इथे बसलेलीही असतील. त्यांच्या हुशारीबद्दल मला शंका नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की एका बाजूला मोजमाप, प्रयोग आणि पगारी माणसं आहेत, आणि दुसऱ्या बाजूला रात्री भाजी निवडताना फोन उचलणारी एक बाई आहे. तिला 'सेटिंग्ज बघून घ्या' असं सांगणं हा बरोबरीचा सामना नव्हे.

नियम हळूहळू आले. अँड्रॉइडने २०१७ मध्ये नोटिफिकेशनचे प्रवाह वेगळे करायला लावले, म्हणजे ऑर्डर कुठवर आली हे चालू ठेवून सवलतींचा मारा बंद करता येतो. पण सवलत ऑर्डरच्याच प्रवाहात सोडली तर सोय वाया जाते. नोटिफिकेशन पाठवण्याआधी परवानगी विचारणं आयफोनवर पहिल्यापासून आहे; अँड्रॉइडवर ते थेट २०२२ मध्ये आलं. ॲपलच्या नियमांत असंही आहे की स्पष्ट होकाराशिवाय जाहिरातीसाठी नोटिफिकेशन वापरू नये आणि संवेदनशील माहिती त्यातून पाठवू नये. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या तेरा प्रकारांपैकी एक म्हणजे पिच्छा पुरवणं, आणि त्याच्या उदाहरणांत 'नाही' म्हणायची सोय न देता नोटिफिकेशन चालू करायला वारंवार सांगणं हे नावानिशी आहे.

तरी एक मोठी फट राहिली. नको असलेल्या फोन आणि एसएमएसविरुद्ध २००७ पासून आपल्याकडे नोंदवही आहे. १९०९ या क्रमांकावर आपली पसंती कळवता येते. २०२५ च्या दुरुस्तीनंतर एसएमएसच्या शीर्षकाच्या शेवटी जाहिरात, सेवा, व्यवहार की सरकारी, हे सांगणारं अक्षरही आलं. पण अॅपचं नोटिफिकेशन दूरसंचार नियमांच्या या कुंपणाबाहेर आहे. जी जाहिरात एसएमएसने पाठवताना शिक्का लागतो, तीच अॅपमधून बिनशिक्क्याची येते. त्यामुळे जाहिरातींनी वाट बदलली आणि कुंपण रिकाम्या शेताभोवती राहिलं.

निमहान्सचा अनुभव

होसूर रस्त्यावरच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ मध्ये 'शट' (सर्व्हिस फॉर हेल्दी यूज ऑफ टेक्नॉलॉजी) क्लिनिक सुरू झालं. तंत्रज्ञानाचा निरोगी वापर शिकवणारं देशातलं ते पहिलं केंद्र मानलं जातं. डॉ. मनोजकुमार शर्मा यांनी ते उभं केलं. त्याच्या नावातच भूमिका आहे. लक्ष्य आहे निरोगी वापर, त्याग नव्हे.

संशोधनही तिकडेच बोट दाखवतं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या एका प्रयोगात दिसलं की फोनला हात न लावताही, नुसतं नोटिफिकेशन आल्याने एकाग्रतेच्या कामात चुका वाढतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात २३७ जणांचे गट केले. काहींना नोटिफिकेशन नेहमीसारखी, काहींना गठ्ठ्याने ठरावीक वेळी, काहींना अजिबात नाहीत. दिवसातून तीनदा गठ्ठा मिळणाऱ्यांचा ताण कमी झाला, मन ताळ्यावर राहिलं. अजिबात न मिळणाऱ्यांची मात्र बेचैनी वाढली. काही हुकतंय का, ही धाकधूक. म्हणजे माणसाला जगाशी तुटायचं नाही, जगाने केव्हा यावं हे ठरवायचं आहे. आयफोनवर २०२१ पासून असा ठरल्या वेळचा सारांश मिळतो. ती सोय शोधावी लागते हीच तिची अडचण.

ज्यांना बंद करता येत नाही

आता या चर्चेतली आपली सोयीची बाजू सोडू. गांधी बझारमध्ये मोगरा विकणाऱ्या बाईचे हात ओले असतात, समोर चार गिऱ्हाइकं असतात. बनावट स्क्रीनशॉट दाखवून निघून जाणाऱ्यांनी अशा विक्रेत्यांना पुरेसं लुटलं आहे. त्यांच्यासाठी पैसे आल्याचं मोठ्याने सांगणारा डबा ही चैन नाही. फोनपेने त्या डब्याला सिनेनटांचे आवाज दिले. कन्नडमध्ये किच्चा सुदीप बोलतो. विक्रेतीचा नफा खरा आहे. पण तोच डबा आपण किती रुपये दिले हे अख्ख्या फुटपाथला सांगतो. फुलांच्या दुकानात त्याचं काही वाटत नाही. औषधाच्या दुकानात वाटू शकतं. रक्कम न बोलता 'पैसे आले' एवढं सांगून रक्कम छोट्या पडद्यावर दाखवण्याची निवड दुकानदाराला देता येते. पुन्हा तेच: हाक सगळ्यांना, मजकूर ज्याचा त्याला.

दुसरं उदाहरण इंदिरानगरच्या सिग्नलला थांबलेल्या डिलिव्हरीवाल्या पोराचं. त्याच्या फोनवर ऑर्डर वाजते आणि सेकंद उलटे मोजले जातात. ती हाक त्याने बंद केली तर रोजगार बंद. आपल्याला कोणी पाठवलं याची चिंता, त्याला कोणी पाठवलंच नाही याची. कर्नाटकाने २०२५ मध्ये अशा कामगारांसाठी सामाजिक सुरक्षेचा कायदा केला आणि काम वाटणाऱ्या स्वयंचलित यंत्रणांबाबत पारदर्शकता मागितली. मला वाटतं, वाहन चालवताना हाक किती वेळ थांबेल आणि न घेतल्यास काय परिणाम होईल, हे त्या पारदर्शकतेत आलं पाहिजे. नियंत्रण ही फक्त नोकरदारांची मिजास राहिली तर तो हक्क नव्हे.

शहराच्या दोन आठवणी

२०१२ चा ऑगस्ट तुमच्यातल्या अनेकांना आठवत असेल. ईशान्येकडच्या लोकांवर हल्ले होणार अशा अफवा एसएमएसवरून पसरल्या आणि हजारो माणसं इथल्या रेल्वे स्थानकावर गुवाहाटीच्या गाड्यांसाठी लोटली. केंद्राने पंधरा दिवस देशभर घाऊक एसएमएसवर बंदी घातली. एका वेळी पाचापेक्षा जास्त नाहीत. हाक कुठून आली हे ओळखायचं साधन लोकांच्या हाती नव्हतं, म्हणून सरकारने सगळ्या देशाचं बटण एकदम दाबलं. ज्याच्या हाती स्वतःचा ताबा नसतो, त्याचा ताबा संकटात दुसरा घेतो.

दुसरी आठवण २०२३ ची. एका दिवशी सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले, सायलेंटवर असलेलेसुद्धा. ती आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी होती. यंत्रणा सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेची, जिचं एक केंद्र बंगळुरातच आहे. तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की सरकार आपल्या फोनमध्ये शिरलं. प्रत्यक्षात तो टॉवरवरून केलेला पुकारा असतो. कक्षेतल्या प्रत्येक फोनला तो ऐकू जातो, त्याला तुमचा नंबर लागत नाही आणि कोणी ऐकला याची नोंद होत नाही. सर्वांत आगंतुक हाक, आणि खासगीपणाच्या दृष्टीने सर्वांत निर्मळ. हाक आणि मजकूर यांची मापं वेगळी आहेत, याहून चांगला दाखला मला सापडलेला नाही. मात्र तिलाही बटण हवं. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२३ च्या अशाच चाचणीआधी महिला संघटनांनी इशारा दिला होता की छळ सोसणाऱ्या बाईने लपवून ठेवलेला फोन यामुळे वाजेल, आणि तो पुकारा बंद कसा ठेवायचा हे त्यांनी आधीच सांगितलं.

भोंगा आणि विधेयक

एकट्याने बटण दाबून भागत नाही हे सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने ओळखलं. कडेगाव तालुक्यातलं हे गाव. महामारीत शाळा फोनवर आली, शाळा परत सुरू झाली तरी मुलं फोनमधून बाहेर येईनात. ऑगस्ट २०२२ पासून गावाने ठरवलं: संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजेल, टीव्ही आणि मोबाईल बंद होतील, साडेआठला तो पुन्हा वाजेल. सुरुवातीला अंगणवाडी सेविका आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी घरोघर फिरले. यात कळीचा मुद्दा असा की सगळे एकदम बंद झाले, त्यामुळे काही हुकतंय ही धाकधूकच उरली नाही. एका उघड्या, सर्वांना मान्य असलेल्या हाकेने बाकीच्या सगळ्या हाका थांबवल्या.

बंगळूरच्या आयटी कंपनीत हे कोण करणार? फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काचा कायदा लागू आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या हिवाळी अधिवेशनात असं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं आणि २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. ते कायदा होईल तेव्हा होईल. पण रात्री दहाला टीमच्या ग्रुपवर संदेश टाकताना 'सकाळी पोहोचेल' असा वेळ लावायला संसदेची परवानगी लागत नाही.

मागणं

आता मागण्यांकडे येतो. विदा संरक्षणाच्या कायद्याचा पहिला मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण. जन्म बंगळूरचा, कारकीर्द मुंबई उच्च न्यायालयाची. त्यांचा अहवाल २०१८ चा, कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ चे, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू. कायदा म्हणतो की संमती मोकळी, नेमकी, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी, आणि तिची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या बावीसपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची निवड असावी. मराठी त्यात आहे, कन्नडही आहे.

या चौकटीत तीन गोष्टी बसतात. एक: नव्या फोनवर कुलूपबंद पडद्यावरचा मजकूर मुळातच झाकलेला असावा, उघडायचा असेल तर मालकाने उघडावा. दोन: जाहिरातीची नोटिफिकेशन व्यवहाराच्या नोटिफिकेशनपासून वेगळी असावीत, त्यांच्यावर एसएमएससारखाच शिक्का असावा आणि त्यांची संमती वेगळी, आपल्या भाषेत मागावी. तीन: बँका आणि रुग्णालयांनी हाकेत मजकूर घालू नये. 'आपल्या खात्यात व्यवहार झाला आहे' एवढी हाक, बाकी कुलूप उघडल्यावर. इथे बसलेल्या अभियंत्यांना मी सांगतो: यातलं बरंचसं तुमच्या पुढच्या आठवड्याच्या कामाच्या यादीत बसण्याइतकं लहान आहे. मूळ निवड काय असावी हा तांत्रिक तपशील वाटतो, पण बहुतेक माणसं तीच आयुष्यभर वापरतात. ती ठरवणं म्हणजे कोट्यवधींच्या वतीने निर्णय घेणं आहे.

आणि आपण सगळ्यांनी आज घरी गेल्यावर करायचं ते असं. सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनच्या पानावर जा. कुलूपबंद पडद्यावर संवेदनशील मजकूर झाका. आयफोन असेल तर तो कुलूप उघडल्यावरच दिसेल असं करा. नोटिफिकेशन वाचायची परवानगी कोणाकोणाला दिली आहे ती यादी उघडा आणि ज्याचं नावही ओळखत नाही त्याची काढून घ्या. बँक आणि घरची माणसं यांची हाक चालू ठेवा, बाकीच्यांना दिवसातून दोन-तीन वेळा गठ्ठ्याने यायला सांगा. खात्यातून न केलेला व्यवहार दिसला तर त्याच दिवशी बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा. मग आई-वडिलांचा फोन हातात घ्या आणि हेच त्यांना विचारून, दाखवून, त्यांच्याच हाताने करायला लावा. त्यांच्या फोनवर काय दिसावं हे त्यांनी ठरवायचं आहे, आपणही नाही.

खासगीपणाचा हक्क या शहरातल्या एका ८६ वर्षांच्या माणसाने न्यायालयातून मिळवून दिला. तो रोज वापरणं हे आपलं काम आहे.